फेअर आयलवरचे सायबेरियाचे पाहुणे : चुकलेली वाट की नवी वाट?

कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई इलाख्यातला लष्करी अधिकारी. दख्खनमधल्या शेतीची, महसुलाची, लोकसंख्येची आकडेवारी गोळा करता करता त्यानं इथले पक्षीही टिपले आणि १८३२ साली त्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्या यादीत मातकट रंगाचा, चिमणीहून लहान असा एक वटवट्या होता. शास्त्रीय नावात त्याला साइक्सनं ‘रामा’ म्हटलं. इतर जग त्याला साइक्सचा वटवट्या म्हणतं. मध्य आशियात वीण आटोपली की हा पक्षी हिवाळ्यासाठी भारतात उतरतो आणि आपल्याकडच्या बाभळीच्या, बोरीच्या झुडपांत किडे टिपत राहतो. हाच पक्षी अधूनमधून फेअर आयल नावाच्या बेटावर सापडतो. फेअर आयल आहे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड या दोन द्वीपसमूहांच्या मधोमध, उघड्या समुद्रात. कझाकस्तानातून निघालेल्या पक्ष्याला भारताकडे यायचं तर दक्षिण-आग्नेयेला वळायला हवं. फेअर आयल जवळजवळ विरुद्ध दिशेला येतं.

साइक्सचा वटवट्या त्यात एकटा नाही. ब्लिथचा बोरू वटवट्या, ह्यूमचा पर्ण वटवट्या, हिरवट पर्ण वटवट्या, लाल छातीचा माशीमार, रिचर्डची तीरचिमणी, ज्वारीच्या शेतांवर थव्यांनी उतरणारी आपली भोरडी : महाराष्ट्रातल्या कुठल्याही पक्षिमित्राच्या हिवाळी यादीतले हे पक्षी फेअर आयलच्याही यादीत आहेत. त्यातले काही तिथे दरवर्षी दिसतात, काहींसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. हे पक्षी तिथे कसे पोचतात, का पोचतात आणि पुढे त्यांचं काय होतं, या प्रश्नांवर दीडशे वर्षं काम चाललं आहे. ते बहुतांशी अशाच आडबाजूच्या बेटांवर, बहुतांशी शरदात झालं आणि त्याची उत्तरं गेल्या काही वर्षांत बरीच बदलली.

आधी बेटाबद्दल. फेअर आयल साधारण पाच किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद आहे. वस्ती जेमतेम पन्नासएक माणसांची. दक्षिणेकडे शेतं आणि घरं, उत्तरेकडे हेदरचं माळरान, चहूबाजूंना कडे. नैसर्गिक झाडी जवळजवळ नाही. समुद्र जिथे कड्यात अरुंद खाचेसारखा आत शिरतो त्या जागांना तिथले लोक ‘गिओ’ म्हणतात. वाऱ्याचा मारा चुकवायला थकलेले पक्षी त्यांत उतरतात. त्यामुळे इथे जंगलातला पक्षी जंगलात दिसत नाही. सायबेरियाच्या तैगा जंगलातल्या बर्चच्या शेंड्यावर राहणारा पर्ण वटवट्या इथे कड्याच्या गवतावर नाहीतर कोबीच्या पानावर बसलेला असतो. लपायला जागा नसते, म्हणून तो दिसतो. एवढ्याशा बेटाच्या यादीत साडेतीनशेहून जास्त जाती जमल्या, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

दुसरं कारण हवामानाचं आहे. बहुतेक लहान पक्षी रात्री स्थलांतर करतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्कँडिनेव्हियावर उच्च दाबाचा पट्टा बसला की तिथे आभाळ मोकळं होतं आणि पक्षी निघतात. त्याच वेळी दक्षिणेला कमी दाबाचं क्षेत्र असेल तर उत्तर समुद्रावर पूर्वेचा वारा वाहू लागतो. अर्ध्या वाटेत ढग, पाऊस नाहीतर धुकं लागलं की तारे दिसेनासे होतात, पक्षी वाऱ्याबरोबर पश्चिमेला सरकतात आणि पहाटे खाली पाहतात तेव्हा सगळीकडे पाणी असतं. मग जमिनीचा पहिला तुकडा दिसेल तिथे उतरायचं. आग्नेय वारा आणि पाऊस ज्या रात्री एकत्र येतात, त्या रात्रीनंतर बेटाची सकाळ बदललेली असते. भिंतीच्या दगडादगडावर रॉबिन, शेतात शेकड्यांनी रेडविंग आणि इतर कस्तुर, आणि साडेपाच-सहा ग्रॅमचा गोल्डक्रेस्ट माणसाच्या बुटाशेजारी किडे शोधत फिरतो. भीती त्याला परवडत नाही, कारण रात्रभरात चरबी जळून गेलेली असते.

दिवाणखान्यात बसून हे कुणाला कळलं नसतं. सुरुवात दीपगृहांपासून झाली. दीपस्तंभाच्या काचेवर आपटून पक्षी मरतात, हे तिथल्या रखवालदारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. १८८० ते १८८७ या काळात ब्रिटनमधल्या दीपगृहांवरून आणि दीपनौकांवरून अशा नोंदी पद्धतशीर मागवल्या गेल्या. आयर्लंडमध्ये रिचर्ड बॅरिंग्टननं रखवालदारांना मेलेल्या पक्ष्याचा पंख आणि पाय पाठवायला सांगितलं, म्हणजे ओळख पटवता येईल. त्यातून १९०० साली त्याचा जाडजूड ग्रंथ तयार झाला. मला ही सगळी मंडळी आदरणीय वाटतात. रात्रपाळीतला माणूस, वादळात, दिव्याची देखभाल सांभाळून पाकिटात एक पंख घालतो आणि त्यावर तारीख लिहितो. स्थलांतराच्या शास्त्राचा पाया अशा पाकिटांवर उभा आहे.

त्याच सुमारास जर्मनीच्या किनाऱ्यासमोरच्या हेल्गोलँड बेटावर हाइनरिश गेटके बसला होता. १८३७ साली तो चित्रं काढायला म्हणून गेला आणि तिथलाच झाला. बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि गेटके सरकारी सचिव होता. पन्नासएक वर्षं त्यानं पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १८९१ साली त्यांचं पुस्तक केलं. पिवळ्या भुवईचा पर्ण वटवट्या हा सायबेरियाचा पक्षी पश्चिम युरोपात अपघातानं एखाद्या वेळी येत नाही, वरचेवर येतो, हे त्यानं तेव्हाच सांगितलं. अनुमानं काढताना मात्र त्याचा तोल गेला. शंकर पक्षी आफ्रिकेतून निघून एका रात्रीत हेल्गोलँडला पोचतो असं मानून त्यानं उडण्याचे अशक्य वेग काढले. नोंदी पक्क्या, सिद्धान्त कच्चा. या क्षेत्रात हे पुढेही होत राहिलं आणि दर वेळी नंतरच्या लोकांना नोंदींनीच तारलं.

विल्यम ईगल क्लार्क हा एडिंबरोच्या संग्रहालयातला माणूस. दीपगृहांच्या नोंदींचा गोषवारा त्यानंच तयार केला होता. पण कागदावर समाधान न मानता १९०१च्या शरदात तो एडिस्टोन दीपगृहावर, समुद्रातल्या एका खडकावर, महिनाभर राहिला. पुढे एका दीपनौकेवर राहिला, फ्लॅनन बेटांवर राहिला, बरंच नंतर सेंट किल्डालाही गेला. या शोधातच १९०५ साली तो फेअर आयलला पोचला आणि ब्रिटनमध्ये स्थलांतर पाहायला याहून चांगली जागा नाही, असं त्यानं ठरवलं. बेटावरच्या शेतकऱ्यांना त्यानं पक्षी ओळखायला आणि नोंदी ठेवायला शिकवलं, त्यामुळे तो नसतानाही काम चालू राहिलं. ब्लिथचा बोरू वटवट्या ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सापडला तो याच बेटावर, १९१० साली.

तेव्हा ‘सापडला’ म्हणजे बंदुकीनं मारला, हेही सांगायला हवं. हातात कातडं असल्याशिवाय नोंद मान्य होत नसे. एकसारख्या दिसणाऱ्या वटवट्यांच्या बाबतीत ती सावधगिरी समजू शकते, तरी हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी उतरल्या दिवशीच मारायचा, हे वाचताना मन आक्रसतं. दुर्बिणी सुधारल्या, पक्षी जिवंत पकडून सोडायची साधनं आली आणि ही पद्धत मागे पडली.

त्या काळातल्या दोन स्त्रियांचं नाव मात्र आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. लिओनोरा रिंटूल आणि एव्हलिन बॅक्स्टर या दोघी मैत्रिणी १९०७ पासून स्कॉटलंडच्या आइल ऑफ मे या बेटावर शरदात जाऊन राहू लागल्या. पक्षी एका ठराविक ‘मार्गा’वरून रेल्वेसारखे जातात, अशी तेव्हाची समजूत होती. दोघींनी रोजच्या पक्ष्यांची रोजच्या वाऱ्याशी सांगड घातली. बेटावर काय उतरेल हे पक्ष्यांच्या ठरलेल्या वाटेपेक्षा वाऱ्यावर अवलंबून असतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बराच काळ दुर्लक्षित राहिला. पुढे फेअर आयलच्या पक्षी निरीक्षण केंद्राचा पहिला प्रमुख केनेथ विल्यमसन यानं तिथे हाच विचार ‘वाऱ्यानं वाहवणं’ म्हणून सविस्तर मांडला, तेव्हा तो सर्वमान्य झाला.

विल्यमसन बेटावर आला तो जॉर्ज वॉटरस्टनमुळे. वॉटरस्टन एडिंबरोचा. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली क्रीटमध्ये तो जर्मनांच्या हाती लागला आणि युद्धकैद्यांच्या छावणीत गेला. तिथे दुसऱ्या एका पक्षीवेड्या कैद्याबरोबर त्यानं फेअर आयलवरच्या पक्षी निरीक्षण केंद्राचा आराखडा कागदावर केला. मूत्रपिंडाच्या आजारामुळे १९४३ साली त्याला मायदेशी परत पाठवलं गेलं. जहाजावरून मायदेशाची जी पहिली जमीन त्याला दिसली, ती फेअर आयल होती. १९४७ मध्ये त्यानं अख्खं बेट विकत घेतलं, १९४८ मध्ये नौदलाच्या रिकाम्या झोपड्यांत केंद्र सुरू केलं आणि १९५४ मध्ये बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडच्या हवाली केलं. त्याआधी वेल्सच्या किनाऱ्यालगत स्कोकहोम बेटावर रोनाल्ड लॉकलीनं १९३३ मध्ये असं केंद्र काढलं होतं. फेअर आयलचं केंद्र त्याच परंपरेतलं. २०१९च्या मार्चमध्ये केंद्राची इमारत आगीत जळून गेली. पुस्तकं, सामान गेलं, पण पक्ष्यांच्या दैनंदिन नोंदींचं संगणकीकरण आधीच झालं होतं, त्यामुळे त्या वाचल्या. सत्तर वर्षांच्या रोजच्या नोंदी वाचल्या, हे इमारत जाण्याच्या दुःखावरचं खरं औषध होतं.

त्या नोंदी होतात कशा, ते पाहण्यासारखं आहे. पहाटे पिंजऱ्यांची फेरी निघते. पिंजरा म्हणजे हेल्गोलँडला शोधलेलं जाळीचं मोठं नरसाळं. तोंडाशी काही मीटर रुंद, आत निमुळतं होत शेवटी एका लाकडी पेटीपर्यंत जाणारं. बेटावरच्या दगडी भिंतींना लागून, झुडपांवर किंवा ओढ्याच्या घळीवर ते उभारलेलं असतं, कारण पक्षी आडोशाला धरूनच सरकतात. दोघं-तिघं जण मागून हलक्या पावलांनी चालत येतात, पक्षी पुढे पुढे जात पेटीत शिरतो. मग तो कापडी पिशवीत. पुढचं सगळं दीड-दोन मिनिटांत उरकतं. पक्ष्याची मान तर्जनी आणि मध्यमेच्या बेचक्यात, पाठ तळव्याला टेकलेली. पायात आकडा कोरलेली हलकी धातूची कडी. पट्टीवर पंखाची लांबी. मग छातीवर हलकी फुंकर. पिसं बाजूला होतात आणि पारदर्शक कातडीखाली चरबी दिसते. गळ्याच्या खळग्यात पिवळसर चरबी भरलेली असेल तर पक्षी आज रात्रीही पुढे जाऊ शकतो. खळगा रिकामा, छातीचं हाड सुरीसारखं वर आलेलं असेल तर त्याला इथे काही दिवस खाऊन काढावे लागतील. शेपटीच्या पिसांची टोकं झिजलेली की ताजी, यावरून यंदाचं पिल्लू की मोठा पक्षी ते ठरतं. तराजूवर वजन, वहीत ओळ, आणि दार उघडून तळवा मोकळा.

दिवसभर उरलेलं बेट पायी मोजायचं. भिंत, खंदक, गिओ, टर्निपचं शेत, ओटचा पट्टा, सगळं. रेघारेघांचा एक छोटा गवती वटवट्या, लान्सिओलेटेड वॉर्बलर, पश्चिम युरोपात भरवशानं पाहायचा तर हेच बेट, आणि तो सहसा उडतच नाही. उंदरासारखा गवताच्या बुडातून धावतो, कधी पाहणाऱ्याच्या दोन पायांमधून निघून जातो. संध्याकाळी सगळे एकत्र बसतात, एक जण जातींची नावं क्रमानं वाचतो आणि ज्यानं त्यानं आपापला आकडा सांगायचा. दुर्मीळ पक्ष्याचं नाव आलं की खोलीत उत्साह असतो, हे साहजिक आहे. पण माझ्या दृष्टीनं त्या बैठकीचं मोल चिमण्या, रॉबिन, स्टारलिंग यांच्या आकड्यांत आणि ‘आज एकही नाही’ या ओळीत जास्त आहे. ‘नाही’ लिहून ठेवलेलं नसेल तर पुढचा ‘आहे’ वाढला की घटला, हे कुणी सांगू शकत नाही.

आता मूळ प्रश्न. वाऱ्यानं स्कँडिनेव्हियातला पक्षी फेअर आयलला आणून टाकला, हे पटतं. पण उरल पर्वताच्या पलीकडचा पक्षी तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर केवळ वाऱ्याबरोबर वाहत येईल का? काही वेळा वाऱ्याचा वाटा मोठा असतो. २०१६च्या ऑक्टोबरात सायबेरियन ॲक्सेंटर हा पक्षी पश्चिम आणि उत्तर युरोपात दोनशेहून जास्त ठिकाणी दिसला. त्याआधी ब्रिटनमध्ये त्याची एकही नोंद नव्हती. त्या एका शरदात डझनाहून जास्त आले, पहिला शेटलंडमध्ये. त्या काळात युरेशियावर पूर्वेचे वारे दिवसेंदिवस वाहत होते. पण पिवळ्या भुवईचा वटवट्या दरवर्षी येतो, वारा कसाही असो. तेव्हा पक्ष्याच्या आतल्या होकायंत्राकडे पाहावं लागतं.

या बाबतीत सगळ्यात बोलका प्रयोग डच शास्त्रज्ञ पर्डेक यांचा आहे. १९५०च्या दशकात त्यांनी हेगजवळ शरदात अकरा हजारांहून जास्त स्टारलिंग पकडले, कड्या घातल्या आणि विमानानं स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. हे पक्षी बाल्टिककडून येऊन ब्रिटन आणि उत्तर फ्रान्सला हिवाळा काढणारे. मोठ्या पक्ष्यांनी दिशा बदलली आणि आपल्या नेहमीच्या ठिकाणाकडे गेले. पहिल्या वर्षाची पिल्लं मात्र जणू काही झालंच नाही अशा थाटात पूर्वीच्याच दिशेनं उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स, स्पेनला पोचली. म्हणजे पिल्लाला जन्मजात मिळते ती दिशा आणि साधारण अंतर. ठिकाणाचं ज्ञान अनुभवानं येतं. बेटांवर भरकटून येणारे पक्षी बहुसंख्येनं त्याच वर्षीची पिल्लं का असतात, त्याचा उलगडा इथे होतो. या प्रयोगाचा उत्तरार्ध मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. वाचलेली पिल्लं पुढच्या हिवाळ्यातही स्पेनकडेच गेली. अपघातानं मिळालेली जागा त्यांनी आपली मानली.

दिशा जन्मजात असेल तर तिच्यात बिघाडही जन्मजात असू शकतो. पूर्व-पश्चिम उलट झाली, की आग्नेयेला जायचा पक्षी नैर्ऋत्येला जाईल. कॅलिफोर्नियासमोरच्या फॅरलॉन बेटांवर उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचे वॉर्बलर शरदात का सापडतात याचा अभ्यास डेव्हिड डीसँटी यांनी १९७०च्या दशकात केला आणि ही आरशातल्या प्रतिमेसारखी चूक असावी, असं मांडलं. युरोपात बराच काळ दुसरा एक विचार लोकप्रिय होता : दिशा पूर्ण १८० अंशांनी फिरते आणि पक्षी उलटा प्रवास करतो. नकाशावर रेघ ओढली की सायबेरियातून आग्नेय आशियाकडे जाणाऱ्या वाटेची उलटी रेघ उत्तर-पश्चिम युरोपावर येते, त्यामुळे तो पटायचाही. २००३ मध्ये जेम्स गिलरॉय आणि अलेक्झांडर लीस यांनी त्यावर नेमका आक्षेप घेतला. भरकटलेले पक्षी सगळ्याच दिशांना जात असतील, पण पाहणारे, मोजणारे, दुर्बिणी घेऊन बेटांवर बसलेले लोक पश्चिम युरोपात आहेत. मग नोंदी तिथेच दाटणार. शिवाय दरवर्षी येणारे काही पक्षी ‘भरकटलेले’ म्हणण्यापेक्षा एका नव्या हिवाळी वाटेचे पहिले प्रवासी असावेत. हा आक्षेप मला अतिशय मोलाचा वाटतो, कारण तो पक्ष्यांइतकाच पाहणाऱ्यांबद्दलही प्रश्न विचारतो.

होकायंत्र बिघडतं तरी कशानं? पक्ष्यांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जाण असते, हे १९६०च्या दशकात फ्रँकफर्टमध्ये रॉबिनवरच्या प्रयोगांतून दिसलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सहा दशकांच्या कडी-नोंदी तपासून तीन संशोधकांनी दाखवलं, की चुंबकीय क्षेत्रात खळबळ असताना पक्षी नेहमीच्या क्षेत्राबाहेर जास्त सापडतात आणि शरदात हा परिणाम ठळक आहे. हे सगळं उत्तर नव्हे. बिघडलेला कम्पास, वारा, ढग, अनुभवाचा अभाव, आणि मुळात त्या वर्षी किती पिल्लं जगली, हे सगळे एकमेकांत गुंतलेले आहेत. एकाच कारणाचा आग्रह धरणाऱ्या मांडण्या मागे पडत गेल्या, हे बरंच झालं.

मग चुकलेल्या पक्ष्याचं पुढे काय होतं? जुनं उत्तर सोपं होतं : मरतो. अनेक मरतच असतील. फेअर आयलवरून पश्चिमेला उडाला तर पुढे अटलांटिकच आहे. पण त्या उत्तराला दोन मोठे अपवाद मिळाले. पहिला ब्लॅककॅप या युरोपीय वटवट्याचा. दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियातले ब्लॅककॅप पूर्वी नैर्ऋत्येला, स्पेनच्या बाजूला जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतले काही वायव्येला, ब्रिटनमध्ये हिवाळा काढू लागले. पीटर बर्टहोल्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधले हिवाळी पक्षी जर्मनीत नेऊन त्यांची पिल्लं वाढवली. आईबापांबरोबर कधीही न उडालेल्या त्या पिल्लांनीही पश्चिमेकडचीच दिशा धरली. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जी दिशा दोन पिढ्यांपूर्वी चूक ठरली असती, ती काही दशकांत वारसा झाली, कारण ब्रिटनचे हिवाळे सौम्य होत गेले आणि बागांत लोक पक्ष्यांना खायला ठेवू लागले.

दुसरा अपवाद रिचर्डच्या तीरचिमणीचा. ही सायबेरिया, मंगोलियाकडची. हिवाळ्यात भारतात आणि आग्नेय आशियात, आपल्याकडच्या माळांवर आणि ओल्या शेतांतही. युरोपात ती पिढ्यान्‌पिढ्या ‘भरकटलेली’ म्हणून नोंदली गेली. दक्षिण फ्रान्समध्ये ती हिवाळाभर राहते असं दिसल्यावर पॉल ड्युफूर आणि सहकाऱ्यांनी तिथे पकडलेल्या पक्ष्यांवर सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा टिपणारी चिमुकली यंत्रं बसवली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : पक्षी वसंतात पुन्हा सायबेरियात वीण करायला जातात आणि पुढच्या हिवाळ्यात फ्रान्सला परततात. हजारो किलोमीटरची पूर्व-पश्चिम ये-जा, पूर्वजांच्या उत्तर-दक्षिण वाटेशी काटकोन करणारी. ही बातमी वाचली तेव्हा मला जुन्या बेटांच्या वह्या आठवल्या. त्यांत ज्या ओळींपुढे ‘अपघाती’ असा शिक्का पडला असेल, त्यांतल्या काही ओळी खरं तर एका नव्या वाटेच्या सुरुवातीच्या होत्या.

पिवळ्या भुवईच्या वटवट्याचं काय, हे अजून ठरायचं आहे. गेल्या काही दशकांत पश्चिम युरोपात तो भरमसाट वाढला आहे. फेअर आयलवर आता अनुकूल दिवशी तो डझनांनी दिसतो आणि इबेरियापासून कॅनरी बेटांपर्यंत हिवाळ्यात सापडतो. तो तिथून वसंतात सायबेरियाला परततो का, हा कळीचा मुद्दा आहे, आणि तो तपासणं कठीण आहे. पक्ष्यावर लादायचं यंत्र त्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत असावं लागतं. हा पक्षी सहा-सात ग्रॅमचा. म्हणजे यंत्र तीन दशांश ग्रॅमच्या आसपास हवं आणि ते मोकळं करून घ्यायला तोच पक्षी पुन्हा हाती लागायला हवा.

इतर बेटांचा उल्लेख थोडक्यात करतो. अटलांटिकमधल्या अझोर्स द्वीपसमूहातलं कोर्वो हे जेमतेम सतरा चौरस किलोमीटरचं ज्वालामुखी बेट, एकच गाव. २००५च्या ऑक्टोबरपासून तिथे युरोपभरचे पक्षी निरीक्षक अमेरिकी पक्षी पाहायला जमतात. बारा-तेरा ग्रॅमचा ब्लॅकपोल वॉर्बलर न्यू इंग्लंडहून कॅरिबियनकडे न थांबता दोन-तीन दिवस समुद्रावरून उडतो, हे २०१५ मध्ये यंत्रांनी सिद्ध झालं. वादळात सापडला तर तो अटलांटिकच्या या बाजूला येऊन पडतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाची सिली बेटं ऐंशी-नव्वदच्या दशकांत ऑक्टोबरात दुर्बिणींनी गजबजत. अलास्काच्या अल्यूशियन साखळीतलं अट्टू हे अमेरिकेत आशियाई पक्षी पाहण्याचं ठिकाण. हेतू प्रत्येक ठिकाणचा थोडा वेगळा. दुर्मीळ जातींमागे धावण्याचा अतिरेक झाला की थकलेल्या पक्ष्याला चाळीस माणसं घेरतात आणि त्याला खायलाच मिळत नाही, असंही घडतं. फेअर आयलचं वेगळेपण हे की तिथे दुर्मीळ पक्षी ही रोजच्या मोजणीची एक ओळ राहिली.

या सगळ्यात आपला धागा ब्लिथच्या बोरू वटवट्याचा आहे. घाणेरीच्या जाळीत हिवाळाभर ‘टक्‌, टक्‌’ असा एकसुरी आवाज करणारा हा साधा तपकिरी पक्षी पुण्याच्या टेकड्यांवर कुणीही ऐकू शकतो. गेल्या शतकात त्याचं विणीचं क्षेत्र पश्चिमेला सरकत फिनलंड आणि बाल्टिकपर्यंत आलं. फेअर आयलवर तो पूर्वीपेक्षा जास्त दिसतो, त्यात या प्रसाराचा वाटा निश्चितच आहे. तरी फिनलंडच्या पक्ष्यालाही भारतात यायचं तर आग्नेयेलाच उडावं लागतं, म्हणजे फेअर आयलला येणारा पक्षी अजूनही उलट्या दिशेचा. तो पश्चिम युरोपात हिवाळा काढून परततो, मरतो, की चूक सुधारून पुढे भारताला येतो?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा इथल्याच जुन्या कामात आहे. भारतात पक्ष्यांच्या पायात कड्या घालण्याचं मोठं काम बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं सालिम अलींच्या पुढाकारानं १९६०च्या दशकात केलं. त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती, कारण कर्नाटकात गोचिडांमुळे पसरलेल्या क्यासनूरच्या तापानंतर पक्ष्यांवरच्या गोचिडांतून विषाणू देशोदेशी जातात का, हा प्रश्न होता. त्या कामातून एक गोष्ट पुन:पुन्हा दिसली : परदेशातून येणारे काही छोटे पक्षी पुढच्या हिवाळ्यात नेमके त्याच जागी परततात. बोरू वटवट्या आणि हिरवट पर्ण वटवट्या तर हिवाळ्यात आपापली हद्द राखून असतात. दुसऱ्याला शिरू देत नाहीत.

प्रकाश टिपणारं यंत्र परत मिळवायचं असेल तर याहून सोयीचे पक्षी नाहीत. फेअर आयलवर सोडलेला पक्षी त्या बेटावर पुन्हा कधी येणार नाही. घाणेरीच्या एखाद्या जाळीत पकडलेला बारा ग्रॅमचा बोरू वटवट्या पुढच्या सप्टेंबरात त्याच जाळीत सापडण्याची शक्यता मात्र चांगली आहे, आणि त्याला अर्ध्या ग्रॅमचं यंत्र पेलतं. तो कुठून येतो, कोणत्या वाटेनं, पहिल्या शरदात पश्चिमेला भरकटलेला पक्षी पुढच्या वर्षी इथे दिसतो का, हे शोधायला सुरुवात इथूनच करता येईल. त्यासाठी आधी लागेल ती एकाच टेकडीची, ऑगस्टच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतची, रोजची मोजणी. अशी सलग दशकांची मालिका आपल्या एका तरी टेकडीवर सुरू व्हायला हवी. ई-बर्ड या संकेतस्थळावर पडणाऱ्या सुट्ट्या याद्या तिची जागा घेऊ शकत नाहीत.